स्वरयंत्र काढल्यावर सूर कुठून आणायचा? सूरभाषा बोलणाऱ्यांच्या वाचासरावाची वाट

मँडरिन चिनीत ‘माइ’ हे अक्षर खाली दाबून, जरा लांबवून म्हटलं तर अर्थ होतो विकत घेणं. तेच अक्षर वरून झपकन खाली सोडलं की अर्थ होतो विकणं. दोन्ही एकापाठोपाठ म्हटली, ‘माइमाइ’, की झाला व्यापार. आता असा व्यापार करणाऱ्या माणसाचं स्वरयंत्र कर्करोगामुळे काढावं लागलं, तर तो घेतोय की विकतोय हे समोरच्याने ओळखायचं कसं?

अक्षराच्या सुरावरून शब्दाचा अर्थ ठरतो अशा भाषांना इथे मी सूरभाषा म्हणते. मँडरिनमध्ये ४ सूर आणि शिवाय एक हलकं, बिनसुराचं अक्षर. थाईत ५, कँटनीजमध्ये ६. मिझो आणि मणिपुरी याच गोतातल्या, आणि पंजाबीसुद्धा, हे पुष्कळांना माहीत नसतं. मराठीत सूर बदलला तर विधानाचा प्रश्न होईल, लाडाचा राग होईल, पण ‘घर’चं ‘कर’ होत नाही. पंजाबीत होतं. तिथे लिहितात ‘घर’, पण शब्दाच्या सुरुवातीच्या घ मधला घोष (स्वरतंतूंची थरथर) आणि हकार बोलण्यातून कधीच गेले. तोंडातून निघतो तो क, फक्त खालच्या सुरात. म्हणजे ‘घर’ आणि ‘कर’ यांत कानाला लागणारा फरक उरतो तो सुराचाच.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं एका पंजाबी आजोबांमुळे. शस्त्रक्रियेनंतर गळ्याला लावायचं इलेक्ट्रोलॅरिंक्स, म्हणजे स्वरतंतूंऐवजी आवाज पुरवणारं विजेचं यंत्र, त्यांना नुकतंच मिळालं होतं. त्यांनी ते टेकवलं आणि बायकोकडे बघून एकच शब्द म्हणाले, ‘घर’. ती म्हणाली, ‘की कराँ?’ म्हणजे, काय करू? त्यांनी पुन्हा म्हटलं. तिने पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्या खेपेला ते वैतागून ‘घर जाणा’ म्हणाले आणि ती लगेच पिशवी आवरायला लागली. यंत्र तेच, आवाज तोच, सूर तितकाच सपाट. वाढला होता फक्त एक शब्द. तोवर मी सुटी अक्षरं घोकून घेत असे. त्या दिवसापासून माझ्या सरावाचा क्रम बदलला.

आधी हे समजून घ्या: काय गेलं, काय उरलं

संपूर्ण स्वरयंत्र काढलं की श्वासनलिकेचं वरचं टोक गळ्यावर एका छिद्रात उघडतं. हा स्टोमा. श्वास आता तिथूनच, कायमचा. नाकातोंडाचा फुप्फुसांशी संबंध तुटतो, तोंडाची वाट फक्त अन्नाची राहते. जीभ, ओठ, टाळू बहुतेकांचे शाबूत असतात, त्यामुळे स्वर-व्यंजनं घडवण्याचा कारखाना चालू असतो. बंद पडते ती वीज, म्हणजे स्वरतंतूंचं कंपन. आणि ते तंतू ताणून-सैल करून सूर वरखाली करणारे बारीक स्नायूही त्याच्याबरोबरच जातात.

नवा आवाज एक तर यंत्रातून येतो, नाही तर घसा आणि अन्ननलिका जिथे मिळतात त्या भागाच्या थरथरीतून. पुरुषाचे स्वरतंतू साधारण सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा कंप पावतात, स्त्रीचे दोनशेच्या आसपास. ही नवी थरथर बहुधा शंभराच्या खाली, खरखरीत आणि अनियमित असते. बाईमाणसाला हा फरक जास्त झोंबतो. भाषा कुठलीही असो.

पण सूर म्हणजे नुसती पट्टी नव्हे. गायक काळी दोनमध्ये गायला काय किंवा पांढरी पाचमध्ये गायला काय, षड्ज-पंचमातलं अंतर तेच राहतं. तसा भाषेतला सूरही बोलणाऱ्याच्या स्वतःच्या आवाजाच्या तुलनेत ऐकला जातो. म्हणून नवा आवाज खालच्या पट्टीत गेला एवढ्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते वरखाली होता येत नाही म्हणून. शिवाय सुराबरोबर आणखी दोन गोष्टी चालतात: अक्षराची लांबी आणि जोराचा चढउतार. मँडरिनचा तिसरा सूर सुटा म्हटला तर सगळ्यांत लांब, चौथा सगळ्यांत आखूड. चौथ्याचा जोर सुरुवातीलाच असतो आणि लगेच ओसरतो, तिसरा मध्ये खचतो. याचा पुरावा हवा असेल तर कुजबुज आठवा. कुजबुजताना स्वरतंतू थरथरतच नाहीत, म्हणजे सूर शून्य. तरी चिनी माणसं कानगोष्टी करतातच की. सगळा सराव या दोन खुंट्यांवर आणि तिसऱ्या, सर्वांत मोठ्या खुंटीवर, म्हणजे संदर्भावर टांगायचा.

पायरी १: शस्त्रक्रियेआधीचं ध्वनिमुद्रण

वेळ असेल तर रुग्णाचं नेहमीचं बोलणं तासभर तरी ध्वनिमुद्रित करून ठेवा. घरातल्यांची नावं, आकडे, रोजची वाक्यं, आणि त्याच्या भाषेतल्या फक्त सुराने वेगळ्या होणाऱ्या शब्दांच्या वीस-पंचवीस जोड्या. भावनेसाठी तर ते मोलाचं आहेच, पण माझा हेतू जरा कोरडा आहे: या माणसाच्या बोलीत मुळात कोणते सूर वेगळे होते ते कळावं. कँटनीज बोलणारे कित्येक लोक ६ पैकी काही सूर आधीपासूनच एकमेकांत मिसळतात. जो फरक माणूस आजारापूर्वीही करत नव्हता तो शिकवत बसण्यात दोघांचाही वेळ जातो.

याच काळात घरातल्या मुख्य ऐकणाऱ्याचे कान तपासून घ्या. रुग्ण साठीच्या पुढचा असेल तर जोडीदारही साधारण त्याच वयाचा, आणि त्याला कमी ऐकू येत असेल तर उत्तम साधनही वाया जातं. या तपासणीचा फायदा कधी कधी महिनाभराच्या सरावापेक्षा जास्त दिसतो.

पायरी २: साधन निवडणं, सुराच्या हिशेबाने

बिनसुराच्या भाषेत साधन निवडताना खर्च, सोय, हात मोकळे राहतात का, हे पाहतात. सूरभाषेत आणखी एक प्रश्न वाढतो: या साधनातून आवाज वरखाली करता येतो का?

इलेक्ट्रोलॅरिंक्स सगळ्यांत लवकर हाती येतं. गळा सुजलेला किंवा किरणोपचाराने कडक झालेला असेल तर नळी जोडून त्याचा आवाज थेट तोंडात सोडता येतो, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत बोलणं सुरू होतं. सुराच्या बाबतीत मात्र ते लंगडं. साधं यंत्र एकाच पट्टीत गुणगुणत राहतं, त्यामुळे सपाट सूर बरे ओळखू येतात आणि चढता-उतरता सूर सपाटच ऐकू येतो. शिवाय ते अखंड चालू असल्याने क चा ग, प चा ब वाटतो. आमच्या आजोबांचं ‘घर’ आणि ‘कर’ दोन्ही ‘गर’सारखं येत होतं ते यामुळेच. म्हणून निदान दोन पट्ट्यांची दोन बटणं असलेलं यंत्र मागा. त्याहून चांगलं म्हणजे बटण जितकं दाबाल तितका सूर चढतो असं. मग सूर गळ्याने नाही, अंगठ्याने काढायचा.

हवेवर चालणारं, म्हणजे न्यूमॅटिक यंत्र, दिसायला अगदीच साधं. एक वाटी स्टोमावर धरायची, तिच्यातून निघणाऱ्या नळीचं टोक तोंडात, आणि मध्ये रबराचा पडदा किंवा पाती. उच्छ्वास सोडला की पडदा थरथरतो, जोरात सोडला की सूर चढतो. इथे सुराची चावी पुन्हा माणसाच्या श्वासात येते. कँटनीज बोलणाऱ्यांवर झालेल्या अभ्यासांत सूर ओळखू येण्याच्या बाबतीत हेच यंत्र सरस ठरलं आणि इलेक्ट्रोलॅरिंक्स मागे पडलं. हात अडकतो, नळीत लाळ जाते, चारचौघांत विचित्र दिसतं, हे सगळं खरं. तरी सूरभाषेच्या रुग्णाला हे यंत्र निदान एकदा हाताळू दिल्याशिवाय निर्णय घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. कल्पना जुनीच आहे. कर्करोगासाठी पहिलं संपूर्ण स्वरयंत्र थिओडोर बिलरोट यांनी १८७३ मध्ये व्हिएन्नात काढलं, आणि त्यांचे सहकारी कार्ल गुसेनबाउअर यांनी त्या रुग्णासाठी फुप्फुसाच्या हवेवर थरथरणाऱ्या पातीचं कृत्रिम स्वरयंत्र बनवलं होतं.

तिसरा मार्ग व्हॉइस प्रोस्थेसिसचा. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीला छिद्र पाडून एकाच दिशेने उघडणारी छोटी झडप बसवतात. मार्क सिंगर आणि एरिक ब्लोम यांनी १९८० मध्ये ही पद्धत मांडली. बोटाने स्टोमा झाकला की फुप्फुसातली हवा झडपेतून घशात जाते आणि तिथला भाग थरथरतो. हवा भरपूर, त्यामुळे वाक्य लांब टिकतं आणि जोर कमीजास्त करता येतो. काहींना त्याबरोबर सूरही हलवता येतो. माणसामाणसांत फरक मात्र फार. एकाचे चढते सूर सुरेख येतात, दुसऱ्याची गाडी एकाच पट्टीत अडकते. जमेल की नाही हे आधी सांगता येत नाही.

अन्ननलिकेतून बोलणं, म्हणजे हवा तोंडातून अन्ननलिकेत ढकलून ढेकरेसारखी परत सोडणं. यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही, महिनोन्‌महिने चिकाटी लागते. अन्ननलिकेत मावणारी हवा शंभर मिलिलिटरच्या आतच, त्यामुळे एका दमात चार-सहा अक्षरं. दम संपत आला की आवाज खचतो आणि शेवटच्या अक्षराचा सूर पडलेलाच ऐकू येतो, तो मुळात चढता असला तरी.

पायरी ३: सराव, या क्रमाने

नवीन शिकाऊ वाचातज्ज्ञ आधी सूर शिकवायला धावतात. मीही धावले होते. आधी व्यंजनं आणि वेग सांभाळा. अक्षरच अस्पष्ट असेल तर त्यावरचा सूर कोण ऐकणार? जाणूनबुजून सावकाश, तोंड उघडून, प्रत्येक व्यंजनाला जिभेचा ठसका देऊन बोलायला लावा. एक अडथळा माहीत असू द्या: फुप्फुसातली हवा तोंडातून येत नसेल तर ह जवळपास अशक्य, आणि ख-थ-फ सारख्या महाप्राणांत क-त-प पासून फरक करणं अवघड. तोंडात साठलेली हवा जोराने फोडून थोडंफार भागवता येतं.

मग लांबी. रुग्णाच्या भाषेतला सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत आखूड सूर निवडा आणि फरक नाटकी वाटेल इतका वाढवायला सांगा. मँडरिनसाठी तिसरा आणि चौथा. तिसऱ्याला टेबलावर बोट सरकवायचं, चौथ्याला टिचकी मारायची. हाताला लय सापडली की तोंड मागोमाग येतं.

त्यानंतर जोर. प्रोस्थेसिस किंवा न्यूमॅटिक यंत्रावर उतरत्या सुराला सुरुवातीलाच हवेचा धक्का द्यायचा आणि सोडून द्यायचं. चढत्याला हळू सुरू करून शेवटी रेटायचं. अन्ननलिकेतून बोलणाऱ्याने महत्त्वाच्या अक्षराआधी नवी हवा भरून घ्यावी आणि ते अक्षर दमाच्या सुरुवातीला ठेवावं. रेटताना मानेच्या शिरा ताणल्या किंवा स्टोमातून फुसफुस वाढली तर थांबा. त्या फुसफुशीखाली सूर बुडून जातो.

दाबाच्या बटणाचं यंत्र असेल तर आठवडाभर न बोलता नुसता अंगठा चालवा. ‘आ’ धरून ठेवायचा आणि बटण दाबत-सोडत चार सूर काढायचे. उतरत्या सुरासाठी पूर्ण दाबून सुरू करून सोडत यायचं, चढत्यासाठी उलट. सपाटासाठी मधेच स्थिर धरणं हे सगळ्यांत कठीण जातं, कारण अंगठा थरथरतो. ‘आ’ वर साधल्याशिवाय शब्दाला हात घालू नये. जीभ आणि अंगठा एकाच वेळी नवं काही शिकू शकत नाहीत.

आणि सुट्या अक्षरांवर आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त रेंगाळू नका. तिथून दोन अक्षरी शब्द, मग छोटं वाक्य.

पायरी ४: सुराला पर्याय शब्दाचा

माझ्या मते खरं काम इथे आहे.

रुग्णाला बसवून त्याच्या रोजच्या आयुष्यात घोटाळा करणाऱ्या जोड्यांची यादी करा. पुस्तकातल्या नव्हे, त्याच्या. औषधाची वेळ, पैशांची रक्कम, माणसांची नावं, दिशा. मग प्रत्येक जोडीला सुराविना ओळखू येईल असा पर्याय शोधा. मँडरिनमधलं ‘माइ’ एकटं बोलायचंच नाही. घेण्यासाठी ‘माइ ह्वेइलाइ’, म्हणजे विकत घेऊन परत आणणं. विकण्यासाठी ‘माइ छूछ्यु’, म्हणजे विकून बाहेर घालवणं. एक आत येतं, एक बाहेर जातं, सूर सपाट असला तरी चालतं. थाईत ‘क्लाइ’ उतरत्या सुरात जवळ, मधल्या सपाट सुरात लांब. भाषेने केलेली ही थट्टाच म्हणायची. तिथे सुराशी झुंजण्यापेक्षा किती मिनिटांचा रस्ता आहे ते सांगावं. पंजाबीत ‘घर’ला ‘जाणा’ जोडून द्यायचं, आजोबांनी स्वतःच शोधलं तसं.

मँडरिनचं एक बरं आहे: रोजच्या वापरातले बहुतेक शब्द दोन अक्षरी, त्यामुळे अर्धा गोंधळ आपोआप निवळतो. एकअक्षरी शब्द टाळून त्याच अर्थाचा जोडशब्द घेण्याची सवय लावली की ऐकणाऱ्याला फरक लगेच जाणवतो.

नावांसाठी चिनी समाजाकडे आधीपासून तयार युक्ती आहे. आडनावाचं चित्राक्षर कशाकशाचं बनलंय ते सांगायचं. ‘धनुष्य-लांब झांग’, ‘उभं-सकाळ झांग’. उच्चार एकच, आडनावं दोन. कँटनीजमध्ये ‘वाँग’ आडनावांचं असंच: एक ‘डोक्यावर गवत असलेलं’, दुसरं ‘तीन आडव्या रेघांचं’. धडधाकट माणसंही हे रोज वापरतात, म्हणून स्वरयंत्र नसलेल्याला त्यात कमीपणा वाटत नाही. अशी समाजात रुळलेली युक्ती प्रत्येक भाषेत धुंडाळा. तज्ज्ञाने बनवलेली युक्ती लोक चार दिवसांत सोडतात.

पायरी ५: ऐकणाऱ्यालाही शिकवा

घरच्यांना दोनच नियम द्या. पहिला: न कळल्यास ‘काय?’ विचारू नका, कारण मग तोच सपाट शब्द परत येतो. जेवढं कळलं तेवढं बोलून दाखवा आणि पर्याय ठेवा: ‘घरी जायचंय, की काही करू?’ मानेच्या एका हालचालीत काम होतं. दुसरा: विषय बदलताना रुग्णाने आधी विषय सांगायचा, मग गोष्ट. ‘औषध’ म्हणून थांबायचं, समोरच्याची मान हलली की पुढे जायचं. संदर्भ आधी पोहोचला की चुकीचा सूरही कान दुरुस्त करून घेतात.

पायरी ६: मोजा

दर महिन्याला जोड्यांतले ४० शब्द रुग्णाने वाचावेत, ध्वनिमुद्रण करावं, आणि ती भाषा बोलणाऱ्या तीन जणांनी ऐकून कोणता शब्द वाटला ते लिहावं. तिघांतला एकही घरचा नसावा. घरच्यांचा कान सरावलेला असतो, आणि उपचार करणाऱ्याचा त्याहून जास्त; माझ्या स्वतःच्या गुणांवर मी कधीच विश्वास ठेवत नाही. मग त्याच शब्दांची वाक्यं ऐकवावीत. सुट्या शब्दांत निम्म्या चुका आणि वाक्यांत जवळपास शून्य, असं चित्र दिसलं तर सराव पुरे झाला, माणसाला जगू द्या. वाक्यांतही घोळ कायम असेल तर साधन बदलण्याचा विचार करा. कोणता सूर कोणत्या सुरासारखा ऐकला गेला, एवढीच नोंद पुढच्या महिन्याच्या यादीसाठी पुरते.

यासोबत, थोडक्यात

स्टोमात पाणी जाता कामा नये; अंघोळीच्या वेळी झाकण हवं, पोहणं बंद. स्टोमावर ओलावा धरणारा फिल्टर वापरला तर खोकला कमी होतो आणि आवाजही स्थिर राहतो. पाणी पिताना ठसका लागू लागला तर झडप गळते आहे, ती बदलून घ्या. झडप निघून पडली तर सोबत दिलेली नळी छिद्रात घालून तडक रुग्णालय गाठा, कारण ते छिद्र काही तासांत आवळू लागतं. आणि पडलेली झडप सापडत नसेल तर ती श्वासनलिकेत गेली असेल असंच धरून चाला. घरात, गाडीत, पाकिटात एक चिठ्ठी असावी: हा माणूस गळ्यातून श्वास घेतो, प्राणवायू गळ्याला लावा.

फोन सगळ्यांत शेवटी. तिथे ओठ दिसत नाहीत, हात दिसत नाहीत, आणि फोनच्या तारेतून खरखर आणखी वाढते. आकड्यांपासून सुरुवात करा. मँडरिन बोलणारे फोनवर १ ला ‘यी’ न म्हणता ‘याओ’ म्हणतात, कारण ‘यी’ आणि ७ चं ‘छी’ एकसारखं ऐकू येतं. तसा पर्यायी उच्चार भाषेत नसेल तर आकडा एक-एक करून, मध्ये थांबून सांगायचा आणि पलीकडच्याकडून परत वदवून घ्यायचा. पहिला महिना फक्त ओळखीच्यांना फोन, वेळ ठरवून, आणि काय बोलणार ते आधी संदेशात लिहून पाठवलेलं.